पिवळा मणी

बरणी हातातून निसटली, आणि क्षणभर त्या रिकाम्या दालनात नुसत्या मण्यांच्याच पावलांचा आवाज भरून राहिला...

लाकडी जमिनीवरून पांढरे मणी पळाले, पिवळे पळाले, लालसुद्धा पळाले. सकाळची वेळ. नृत्यशाळेत अजून कोणी आलेलं नव्हतं. चारी भिंतींवरच्या आरशांतून दहा-बारा पट्टीताई एकदमच गुडघ्यांवर बसल्या आणि मणी वेचायला लागल्या.

पट्टीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेची आरोग्याची खोली तिच्याकडे होती. मुलामुलींच्या घोट्यांना, बोटांना आणि कधीकधी मनालाही पट्टी बांधायचं काम ती करायची, म्हणून मुलांनीच ते नाव पाडलेलं. तिलाही ते आवडायचं.

शेवटचा मणी घरंगळत पियानोखाली गेला. तीही कानामागे बट सारत त्याच्यामागून आत शिरली, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी येऊन पियानोसमोरच्या बाकावर बसलं. तिला फक्त दोन बूट दिसले. जुने, पण मन लावून पुसलेले.

आता बाहेर यावं तरी पंचाईत, न यावं तरी पंचाईत! ती श्वास रोखून बसून राहिली.

वर एकच स्वर वाजला. विरला. मग शांत आवाज आला, "एक मणी अजून राहिलाय. डाव्या पेडलच्या मागे."

ती दचकली, आणि डोकं वर आपटलं. पियानोच्या पोटातल्या सगळ्या तारा एकदम हुंकारल्या.

"लागलं का?"

"नाही... अजिबात नाही."

"पियानोला विचारलं मी."

ती बाहेर आली ती लाल होऊनच. समोर बसलेला माणूस सडसडीत होता, कान जरा मोठे, आणि डोळे असे, की आत्ताच एखाद्या स्वप्नातून हाक मारून जागं केलंय. "आजपासून वर्गांना साथ करायला आलोय," तो म्हणाला.

"मी खाली आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"श्वास रोखलात ना... त्याचाही आवाज होतो." त्याने तिच्या हातातला पांढरा मणी घेऊन उजेडात धरला. "हे काय असतं?"

तिने सांगितलं. रोज सकाळी ती दालनाच्या दाराशी बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकाने बरणीतून एक मणी घ्यायचा आणि मूठ मिटून तिच्या तळहातावर ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला दिसत नाही. पांढरा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे दुखतंय, पण निभेल. लाल म्हणजे आज नाचवत नाही.

"आणि तुमचा मणी तुम्ही कोणाच्या हातावर ठेवता?"

"माझा? मी कुठे नाचते?"

"चालता तर."

ती वळली. बरणी छातीशी धरून दाराकडे निघाली. नेहमीसारखीच जपून, पाऊल वाजणार नाही अशी. तिच्या बुटांना जाड रबरी तळ होते, मुद्दाम लावून घेतलेले. तरी दारातून बाहेर पडेपर्यंत तिला पाठीवर कोणाचे तरी कान जाणवत होते... डोळे नव्हेत, कान!

* * *

आरोग्याची खोली जिन्याखाली होती, तिरप्या छताची. बर्फाच्या पिशव्या, लवचीक पट्ट्या, न खाता वर्गाला येणाऱ्यांसाठी बिस्किटांचा डबा. वजनकाटा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. ज्याला बघायचं त्याने एकट्याने बघावं. आणि कोपऱ्यात वेताची एक खुर्ची.

तिसऱ्याच दिवशी दुपारी तो आला आणि थेट त्या खुर्चीत बसला.

"अहो, तिथे नका बसू. ती रडायची खुर्ची आहे."

"म्हणजे?"

"ज्याला रडू आलंय त्याने तिथे बसायचं. बसलेल्याला कारण विचारायचं नाही, असा नियम आहे."

"मग बरोबर जागी बसलोय. तक्रार घेऊन आलोय मी." तो पुढे झुकला. "मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण?"

"चिमणी." सोळा वर्षांची ती पोर उडी मारायची तेव्हा खाली यायचंच विसरली की काय असं वाटायचं, म्हणून चिमणी. "का हो?"

"तिचा उजवा पाय उशिरा येतो."

"उशिरा?"

"उडी मारून सत्तावीस जण एकदम खाली येतात ना, तेव्हा त्यांचा मिळून एकच आवाज होतो. पण इथे त्या आवाजाला शेपूट आहे. एवढंसं..." त्याने चिमटीत दाखवलं. "वर्गाकडे माझी पाठ असते. मला दिसत काहीच नाही, नुसतं ऐकू येतं."

तिला हसू आलं, पण ते तिथेच विरलं. त्या सकाळी तिच्या हातावर सत्तावीस मणी पडले होते, आणि सत्तावीसच्या सत्तावीस पांढरे. आदल्या दिवशीही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच. सत्तावीस जण नाचतात आणि कोणाचं काहीच दुखत नाही, इतकं सुख कुठे असतं का? कारण तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका मुलीने लाल मणी ठेवला, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य गुरूंनी, वार्षिक प्रयोगातली तिची जागा तडकाफडकी दुसरीला दिली. तेव्हापासून सगळ्यांचे मणी पांढरे झाले होते.

"तुम्ही जे ऐकाल ते मला लिहून द्याल?" तिने विचारलं.

"रोज?"

"रोज."

"रोज यायला मिळणार असेल तर... लिहीन की."

आणि रोज दुपारी एक चिठ्ठी यायला लागली. 'पहिली रांग, उंच मुलगा, डावी टाच टेकवत नाही.' 'खिडकीजवळची, पावलं जड. झोप झालेली नाही, किंवा रात्री जेवलेली नाही.' ती एकेकाला काहीतरी निमित्त काढून बोलवायची, बिस्किटं पुढे करायची, पाय मांडीवर घ्यायची. निम्म्या वेळा त्याचं खरं निघायचं. निम्म्या वेळा कोणाचा तरी नवा बूट चावत असायचा. चिमणी मात्र दर वेळी 'काहीच नाही, ताई' म्हणत पाय सोडवून घ्यायची.

"काल तुम्ही एका बुटाला आजारी पाडलंत."

"बुटांचीही काळजी घ्यायला हवी. त्यांना कोण बिस्किटं देतंय?"

एके दिवशी चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ होती. 'जिन्याखालच्या खोलीतली, आज हसली नाही. कारण?'

'कारण विचारू नये. नियम,' तिने खाली लिहून चिठ्ठी परत पाठवली.

'तो खुर्चीत बसलेल्यांसाठी आहे,' उत्तर आलं.

ती चिठ्ठी पट्ट्यांच्या खणात गेली, अगदी तळाला. मावशीला मात्र कसं कोण जाणे, सगळं कळत होतं. मावशी वरच्या खोलीत प्रयोगाचे पोशाख शिवायची. आईवडिलांमागे तिनेच भाचीला वाढवलं होतं.

"काय गं, हल्ली दुपारी दुसऱ्यांदा केस विंचरतेस?"

"घामाने विस्कटतात."

"या थंडीत?"

"मावशी, तू सुई बघ. बोटात जाईल."

"माझ्या बोटात कुठे जायची? तुझ्याच काळजात गेलेली दिसतेय," मावशीने दोरा दाताने तोडला.

पट्टीताईचा रोजचा एक नेम होता. खोली उघडली की खिडकी उघडण्याआधी डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि सत्तावीस नावं एकेक करून मनात घ्यायची. देवाकडे मागणं एकच, यांचे पाय सांभाळ. पाच वर्षांत तो नेम चुकला नव्हता. त्या आठवड्यात एका सकाळी सत्तावीस नावं संपली, तरी हात सुटेनात. अठ्ठाविसावं नाव आपसूक मनात आलं आणि तिथेच घुटमळत राहिलं... पण त्याच्या पायांना तर काहीच झालं नव्हतं! त्याच्यासाठी मागायचं तरी काय? तिने घाईघाईने खिडकी उघडली. बाहेर धुकं होतं, आणि धुक्यात कोणीतरी शीळ घालत येत होतं.

* * *

वर्ग संपला की मुलं रांगेने बाहेर पडायची, आणि तेवढा वेळ पियानो वाजत राहायचा. हिवाळा सरता सरता त्या वेळेला एक नवा सूर आला. मंद, झुलता. एक ठोका लांब, एक आखूड... पुन्हा लांब, पुन्हा आखूड. दोन ठोक्यांच्या मध्ये जरासं रेंगाळणं, पायरीवर क्षणभर थांबून खाली बघितल्यासारखं. तो ऐकला की तिच्या हातातली पट्टी गुंडाळायची राहून जायची.

त्या दिवशी ती तो ऐकायला म्हणून दालनाच्या दारापर्यंत गेली. बाहेर रिमझिम होती, काचा धुरकटल्या होत्या. मुलं सुरावर डुलत बाहेर पडत होती. शेवटी चिमणी होती. ती हसत मैत्रिणीला म्हणाली, "ऐक ना, पट्टीताई अगदी अश्शाच चालतात. लांब... आखूड. लांब... आखूड!"

मैत्रिणीने दोन पावलं तसं चालून दाखवलं. दोघी खुदकन हसल्या आणि पळाल्या.

दाराआड ती तशीच उभी राहिली. 

एकोणीस वर्षांची असताना तीही नाचायची. डावा घोटा दुखायला लागला, तेव्हा प्रयोग तीन आठवड्यांवर होता. तिने कोणाला सांगितलं नाही. प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, आणि घोटा पुन्हा कधी पूर्ववत झाला नाही. त्यानंतर तिने चालणं झाकायचे सगळे उपाय केले. रबरी तळ, हळू पावलं, सगळ्यांच्या मागून निघणं. आणि इथे तेच कोणीतरी मोठ्या दालनात, रोज, सगळ्यांसमोर वाजवत होतं.

तो बाहेर आला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत?"

"ऐकलं. छान आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, म्हणून त्याला काही कळलंच नाही.

"मला वाटलंच, तुम्ही ओळखाल."

"ओळखलं ना. मुलांनीही ओळखलं." तिने नजर काचेवरच्या थेंबांवर ठेवली. "उद्यापासून चिठ्ठ्या नकोत. माझं मी बघून घेईन."

"माझं... काही चुकलं का?"

"नाही हो. मी बरी आहे."

 तो हलकेच म्हणाला, "हा पांढरा मणी झाला."

ती निघून गेली. त्या दिवशी जपून चालायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

* * *

आठ दिवस चिठ्ठी आली नाही. शिडीसारखे लांबच लांब आठ दिवस. नेमाच्या वेळी ती सत्तावीस नावांवर थांबायची, आणि उरलेलं एक नाव दिवसभर तिच्यामागून फिरायचं. पियानोवर तो सूर पुन्हा वाजला नाही. मुलं मुकाट्याने बाहेर पडायची.

नवव्या दिवशी दाराखालून कागद सरकला. 'रागवा माझ्यावर, पण हे वाचा. डावीकडून तिसरी, आवाजाचं शेपूट गेलं. कारण ती आता उजव्या पायावर उतरतच नाही.'

तिने तडक चिमणीला बोलावलं. ती आली, रडायच्या खुर्चीत न बसता तिच्या काठावर टेकली.

"नडगीला हात लावू?"

"लावा की. नाही दुखत," चिमणी म्हणाली. डोळे मात्र काठोकाठ भरले.

"चिमणे... अजून मी हात लावलाच नाहीये."

मग बांध फुटला. प्रयोगाला तीन आठवडे राहिलेत, आता सांगितलं तर जागा जाईल, मागच्या वर्षी तिची गेली तशी. "आणि ताई, तुम्ही मला सांगता, खरं सांग! तुम्ही स्वतः कधी पिवळा मणी ठेवलाय? थंडीत तुम्हाला जिना चढवत नाही, कठड्याला धरून येता, आणि विचारलं की म्हणता, 'मी बरी आहे.' मग मीच का?"

 ताईसमोर जणू तीच बसली होती, एकोणीस वर्षांची. तिने बर्फाची पिशवी चिमणीच्या नडगीवर धरली आणि एवढंच म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत या पायावर उडी मारू नकोस. तेवढं माझं ऐक. उद्या तुला उत्तर देते."

संध्याकाळी घरी तिने मावशीला विचारलं, "माझं चालणं... सगळ्यांना कळतं?"

"न कळायला काय झालं? लपवतेस ती तूच. आम्ही आपले न दिसल्यासारखं करतो, तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि तो सूर? सगळ्यांसमोर माझी चेष्टा..."

मावशीने हातातलं शिवण खाली ठेवलं. "चेष्टा असती ना, तर कात्री घेऊन गेले असते मी त्या पियानोवर! वरच्या खोलीत रोज ऐकत होते. अगं वेडे, चेष्टा करणारा माणूस इतकं जपून वाजवत नाही."

तिने रबरी तळाचे बूट उतरवून बाजूला ठेवले. मग कपाटातून जुने बूट काढले, चामड्याच्या तळाचे.

* * *

सकाळी ती दाराशी बसली नाही. सगळे आत जमल्यावर बरणी घेऊन दालनात आली. खट्... टप. खट्... टप. चामडं लाकडावर स्वच्छ वाजत होतं. पियानोशी पाठमोऱ्या बसलेल्या माणसाने मान वर केली, पण वळला नाही.

"बाई, दोन मिनिटं हवीत." मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली.

"मी तुमच्याकडून रोज मणी घेते," ती मुलांना म्हणाली.  "स्वतःचा कधी ठेवला नाही. माझा डावा घोटा दुखतो. रोज. मी तुमच्यासारखीच नाचायचे, आणि जागा जाईल म्हणून तीन आठवडे गप्प बसले. जागा राहिली... नाचणं गेलं. तुम्हीही लाल ठेवला तर जागा जाईल म्हणून पांढरा ठेवता." बरणीतून तिने एक पिवळा मणी काढला. "हा माझा. पण मणी कोणाच्या तरी हातावर ठेवावा लागतो."

सत्तावीस तळहात पुढे झाले असते. पण ती वळली, खट्... टप करत पियानोपाशी गेली.

तो उठून उभा राहिला. त्याने हात पुढे केला. तिने मणी त्यावर ठेवला. त्याने मूठ मिटली, अगदी सावकाश, आत पाखरू असावं तशी.

"अहो, पण लाल मणी ठेवला की जागा जाते असं सांगितलं कोणी यांना?" मोठ्या बाई कडाडल्या.

 मग मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "तुम्हीच, बाई. मागच्या वर्षी."

बाई वळल्या. आरशात स्वतःकडे पाहिलं. "...हो. चुकलं माझं." त्या तरातरा आल्या, बरणीत हात घातला, पिवळा मणी ताईच्या हातावर आपटला. "गुडघा." थोडं थांबून दुसरा काढला. "दोन्ही."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि दालनात साचलेला श्वास सुटला. मग मुलं येत गेली. मुठी उघडत गेल्या. बारा पिवळे, चौदा पांढरे. सगळ्यांत शेवटी चिमणी लंगडत आली आणि ताईच्या हातावर लाल मणी ठेवून तिच्या कुशीत शिरली.

"तुझी जागा तुझीच," मोठ्या बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "यंदा नाही तर पुढच्या वर्षी. मी सांभाळते तोवर."

चिमणीला खांद्याचा आधार देऊन ताई दाराकडे निघाली. दोघींचीही पावलं एकसारखी नव्हती. अर्ध्या वाटेवर ती थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "वाजवा ना."

"कोणता?" मागून अडखळत प्रश्न आला.

"माझा."

आणि तो सूर आला. लांब... आखूड. लांब... आखूड. मधलं ते रेंगाळणं. आज तिला पहिल्यांदा कळलं, की त्या रेंगाळण्यात कोणीतरी तिची वाट बघत उभं होतं.

* * *

डॉक्टरांनी एक्स-रे काढून बघितला. चिमणीच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. सहा आठवडे विश्रांती, मग पाय पहिल्यासारखा होईल. "आणखी चार दिवस उड्या मारल्या असत्या तर अवघड होतं," ते म्हणाले. प्रयोगाच्या दिवशी मावशीने शिवलेला पूर्ण पोशाख घालून चिमणी पियानोशेजारी बसली आणि स्वरलिपीची पानं उलटत राहिली. दोनदा दोन पानं एकदम उलटली, आणि वर साथीदारालाच दटावलं, "लक्ष कुठे आहे तुमचं?"

लक्ष कुठे होतं ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

प्रयोगानंतरच्या दुपारी मुलांना सुट्टी होती. पाऊस नुकताच भुरभुरून गेलेला, रस्त्यावरचे दगड चमकत होते. फाटकाशी तो उभा होता.

"आधी विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला. "तुमच्या पावलांचा सूर, तुम्हाला न विचारता... पण दार उघडण्याआधीच मला कळायचं, तुम्ही येताय. मग दिवसभर बोटांत तेवढंच उरायचं. काय करणार?"

"मग आता विचारा."

"तुमच्या बरोबर चालू?"

ती हसली आणि चालायला लागली. तो शेजारी आला. चार पावलं झाली, आणि त्याचा पाय अडखळला. पुन्हा चार, पुन्हा अडखळला.

"अख्ख्या शाळेला ताल देणारा माणूस, आणि चुकतोय?"

"मागे बसून साथ करतो मी रोज. शेजारून... पहिल्यांदाच."

"हळू चल मग. मला घाई नाही."

"तुझा मणी परत हवाय?" त्याने खिशावर हात ठेवला. अहो-जाहो दोघांचंही वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं.

"राहू दे. तुझ्याकडे असला की कमी दुखतं."

वरच्या खिडकीतलं शिवणयंत्र थांबलं. मावशी कान देऊन ऐकत असणार. खाली ओल्या दगडांवर चार पावलं वाजत होती. आधी विस्कटलेली, मग हळूहळू एकमेकांना सापडत गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जिन्याखालची खोली उघडली, डोळे मिटले, हात जोडले. सत्तावीस नावं झाली. अठ्ठाविसावं आलं, आणि या वेळी ती घुटमळली नाही. काय मागायचं ते आता ठाऊक होतं.

यांचे पाय सांभाळ, देवा. आणि हे दोन... माझ्या पायांशेजारी असू देत.